सयाजीबाग ते भाट : बडोद्याहून एक विज्ञान-सहल

शैक्षणिक सहल हा आपल्या शाळांच्या वार्षिक कार्यक्रमातील एक नेमाचा विषय आहे. दिवाळीची सुट्टी संपते, गारठा सुखावह वाटू लागतो आणि शिक्षकवर्गात ठिकाणांची चर्चा सुरू होते. एखादे तीर्थक्षेत्र, एखादे धरण, एखादा किल्ला आणि परतीच्या वाटेवर बाजारपेठ, असा तिचा मार्ग बहुधा ठरून गेलेला असतो. बडोद्यात राहणाऱ्यांना या ठरीव मार्गाहून निराळा असा एक मार्ग सहज उपलब्ध आहे. सयाजीबागेतील वस्तुसंग्रहालयापासून प्रारंभ करावयाचा, दुसऱ्या दिवशी अहमदाबादेतील विज्ञान केंद्र पाहावयाचे आणि शेवटी गांधीनगर जिल्ह्यातील भाट या गावी असलेल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत जावयाचे. अंतर फार नाही. बडोदे ते अहमदाबाद हा लोहमार्ग सुमारे शंभर किलोमीटरांचा आहे. तथापि या अंतरात विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील काचेच्या कपाटापासून अद्याप न सुटलेल्या एका प्रश्नापर्यंत येऊन पोहोचतो, आणि या सहलीचे खरे महत्त्व त्यातच आहे.

अशा एका गटासमवेत जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. गटातील बहुतेक मुले घरी मराठी बोलणारी, शाळेत मात्र कोणी गुजराती, कोणी इंग्रजी माध्यमात शिकणारी होती. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याने येथेच नमूद केली आहे.

महाराजांचे संग्रहालय

विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली सयाजीबाग आकारास आली. जुने बडोदेकर तिला आजही कमाटीबाग म्हणतात. या बागेतील वस्तुसंग्रहालयाची इमारत मेजर मँट व रॉबर्ट चिझम या वास्तुशिल्पज्ञांच्या नावाशी निगडित असून ती १८९४ साली पूर्ण झाली. लगतच्या चित्रसंग्रहालयाचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये संपले; परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्याने युरोपातून यावयाची चित्रे अडकून पडली आणि ते लोकांसाठी खुले होण्यास १९२१ साल उजाडले.

या संग्रहालयात कळ दाबून चालू होणारे काहीही नाही, म्हणून काही शिक्षक तेथे अर्धा तासही घालवीत नाहीत. हे योग्य नव्हे. येथे अकोटा येथील जैन कांस्यमूर्ती आहेत, इजिप्तमधील ममी आहे, खनिजे व प्राणी यांचे विभाग आहेत आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. पाठ्यपुस्तकात देवमाशाचे चित्र हाताच्या तळव्याएवढे असते. त्या सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजीत चालत गेल्यावर मुलाच्या मनात जे आकारमान उभे राहते, ते कोणत्याही तक्त्याने उभे राहत नाही. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत आपल्या हाताप्रमाणेच मनगटाची व बोटांची हाडे असतात, हे तेथेच उभे राहून सांगावे. वर्गात सांगितलेले तेच वाक्य परीक्षेपुरते लक्षात राहते.

ममीच्या दालनात गर्दी जमते व तेथून मुलांना हलविणे कठीण जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. बागेत तारांगणही उभारलेले आहे. त्याचे खेळ व वेळा यांची चौकशी मात्र आधी करून घ्यावी.

ज्यांनी हे संग्रहालय उभारले ते महाराज सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मले आणि १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आणि पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत जाऊ लागली. या साऱ्या उद्योगात संग्रहालयाला मानाचे स्थान होते. ज्याला अक्षरे येत नाहीत त्यालाही वस्तू पाहून ज्ञान होते, असा त्यामागील विचार होता.

बागेतून निघाल्यावर कलाभवनाच्या इमारतीवरून जरूर जावे. ही संस्था १८९० साली स्थापन झाली व त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख होते. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम व रसायने यांचे शिक्षण तेथे देशी भाषांतून देण्यात येत असे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी येथे शिक्षण घेतले. बडोद्यातील १९०७ सालच्या अलेंबिक या रासायनिक कारखान्याच्या उभारणीत गज्जरांसमवेत कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांचा वाटा होता. आज कलाभवनाच्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा आहे. याच विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेले वेंकटरामन् रामकृष्णन् २००९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ही माहिती बसमध्ये सांगितली असता पाठीमागच्या बाकांवरचा गोंगाट थांबला, एवढे येथे नोंदवितो.

हात लावण्यास परवानगी असलेली दालने

काचेआडच्या वस्तूपेक्षा हाताळता येणारी वस्तू अधिक शिकविते, हा विचार जर्मनीत म्यूनिक येथे ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ साली स्थापिलेल्या संग्रहालयातून दृढ झाला. अमेरिकेत फ्रँक ऑपेनहायमर या भौतिकीविज्ञाने १९६९ साली सान फ्रान्सिस्कोत उघडलेल्या केंद्रात तो पुढच्या टोकाला गेला. आपल्याकडे कोलकात्यातील बिर्ला संग्रहालय १९५९ साली आणि मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झाले.

अहमदाबादेतील सामुदायिक विज्ञान केंद्र या मालिकेत निराळे उठून दिसते. डॉ. विक्रम साराभाई यांनी १९६० नंतरच्या दशकात ते सुरू केले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने आठवड्यातील काही वेळ शाळकरी मुलांसाठी द्यावा, मुलांनी स्वतः हाताने उपकरणे करावीत, असा त्यांचा आग्रह होता. आज हे केंद्र साराभाईंचेच नाव धारण करते. गणिताच्या प्रयोगशाळेत लाकडी ठोकळ्यांनी पायथागोरसचा सिद्धांत जुळविताना मुले भुकेची वेळ विसरतात.

या केंद्राच्या निमित्ताने २२ डिसेंबर १९६८ रोजी सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी अहमदाबादेत मुलांसमोर व्याख्यान दिले. आकाश निळे का दिसते, हा त्याचा विषय होता. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या, ऐंशी वर्षांच्या विज्ञानमहर्षीने मुलांसमोर ठेवलेला हा प्रश्न आजही कोणत्याही सहलीत पहिला प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे. सूर्याच्या पांढऱ्या दिसणाऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. हवेतील सूक्ष्म रेणूंवर आपटून हा प्रकाश इतस्ततः विखुरतो. आखूड लहरींचा निळा प्रकाश तांबड्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरला जातो, म्हणून आकाशाच्या ज्या भागात सूर्य नाही तेथूनही निळा प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. मग जांभळा त्याहूनही आखूड असता आकाश जांभळे का नाही, असे एखादी चलाख मुलगी विचारील. सूर्यप्रकाशात जांभळ्याचा वाटा कमी असतो व आपला डोळाही त्या रंगाला कमी संवेदनशील आहे, हे त्याचे उत्तर. पाण्याने भरलेला काचेचा पेला, दोन थेंब दूध आणि विजेची बॅटरी एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग धर्मशाळेतही करता येतो. बाजूने पाहिल्यास निळसर आणि समोरून पाहिल्यास तांबूस झाक दिसते.

शहराच्या पश्चिमेस असलेली गुजरात सायन्स सिटी भव्य आहे. यंत्रमानवांचे व जलचरांचे दालन तेथे १६ जुलै २०२१ रोजी खुले झाले. मुलांना ती फार आवडते. तथापि एकाच दिवशी ती आणि संशोधन संस्था या दोन्ही गोष्टी उरकण्याचा मोह टाळावा. यंत्रमानवांच्या झगमगाटानंतर भाट येथील करडी यंत्रे मुलांना फिकी वाटतात.

विश्वकिरणांपासून चंद्राच्या मातीपर्यंत

नवरंगपुऱ्यातील भौतिक संशोधन प्रयोगशाळा साराभाईंनी १९४७ साली स्थापिली. पुण्याच्या वेधशाळेत ज्यांनी दीर्घकाळ काम केले ते डॉ. के. आर. रामनाथन् हे तिचे पहिले संचालक. आकाशातून अहोरात्र येणारे विश्वकिरण व वातावरणाचे वरचे थर हे आरंभीचे विषय होते. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे मूळ याच ठिकाणी आहे. मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ वसंत चिटणीस येथूनच साराभाईंच्या कार्यात सहभागी झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रसिद्धीच्या कामात आयुष्य घालविणाऱ्यास त्या प्रयोगाचे अप्रूप अधिक वाटते, म्हणून हा उल्लेख.

चांद्रयान-३ च्या फिरत्या गाडीवरील, चंद्राच्या मातीतील मूलद्रव्ये ओळखणारे क्ष-किरण उपकरण याच प्रयोगशाळेने तयार केले होते. २०२३ साली वृत्तपत्रांत त्या गाडीची छायाचित्रे पाहिलेल्या मुलांना हे सांगितले की प्रयोगशाळेचे कुंपणही त्यांना महत्त्वाचे वाटू लागते.

भाट येथील ‘आदित्य’

सहलीचा कळस म्हणजे साबरमतीच्या काठी असलेली प्लाझ्मा संशोधन संस्था. तिचे बीज वरील प्रयोगशाळेतच रुजले. डॉ. प्रेधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली प्लाझ्माविषयक कार्यक्रम १९८२ साली आकारास आला, १९८६ साली त्याचे स्वायत्त संस्थेत रूपांतर झाले आणि १९९५ पासून ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आली.

तेथे जाण्यापूर्वी प्लाझ्मा म्हणजे काय हे मुलांना सांगून ठेवले नाही, तर सारी भेट वाया जाते. बर्फ तापविले की पाणी, पाणी तापविले की वाफ. वायू याहूनही फार तापविला तर त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्‌भारित कणांचे एक मिश्रण तयार होते. हाच प्लाझ्मा, मराठी परिभाषेत त्याला आयनद्रायू असे नाव आहे. आकाशात कडाडणारी वीज, दुकानांवरील निऑनचे दिवे ही त्याची ओळखीची रूपे. सूर्य व तारे तर संपूर्णपणे याच अवस्थेत आहेत.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो व त्यातून ऊर्जा बाहेर पडते. हेच संमीलन पृथ्वीवर घडवून वीज निर्माण करावी, हा जगभरच्या शास्त्रज्ञांचा अनेक दशकांचा उद्योग आहे. त्यासाठी ड्यूटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड भावंडे वापरावयाची. ड्यूटेरियम पाण्यातून मिळते. पाण्यातील हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंत त्याचा एक अणू असतो. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ आढळत नाही, ते लिथियमपासून तयार करावे लागते. सूर्याचे प्रचंड वजन व दाब आपल्यापाशी नसल्याने तापमान मात्र सूर्याच्या गाभ्याच्या दसपट, म्हणजे पंधरा कोटी अंशांच्या घरात न्यावे लागते.

एवढ्या तप्त वस्तूला भांडे कोणते? धातूच्या भिंतीला प्लाझ्मा टेकला तर भिंतीला इजा होते आणि प्लाझ्मा क्षणात थंड होतो. यावर तोडगा चुंबकाचा. विद्युत्‌भारित कण चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत त्यांना धरून चालतात. सरळ नळीत दोन्ही टोकांतून ते निसटतील, म्हणून नळी वाकवून तिचे कडे करावयाचे. परंतु कड्याच्या आतल्या बाजूला चुंबकीय बल अधिक व बाहेरच्या बाजूला कमी असल्याने कण हळूहळू बाजूला सरकतात. दोरीला पीळ दिला की ती जशी घट्ट धरते, तसा चुंबकीय रेषांना पीळ द्यावा लागतो. त्यासाठी प्लाझ्मातूनच वीजप्रवाह सोडतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या या कड्याच्या आकाराच्या यंत्राला टोकामॅक म्हणतात.

भाट येथील ‘आदित्य’ हा भारतात बांधलेला असा पहिला टोकामॅक; तो १९८९ साली कार्यान्वित झाला. कड्याच्या केंद्रापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर पाऊण मीटर, आणि प्लाझ्माची स्वतःची त्रिज्या पाव मीटर. म्हणजे सूर्याचे नाव धारण करणारे हे कडे एका मोठ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसावे एवढेच आहे. भोवती तांब्याची वेटोळी, निर्वात पंप, तारा व नळ्या यांचे असे जंजाळ असते की मूळ कडे शोधावेच लागते.

येथे मुले एकच प्रश्न हमखास विचारतात : यंत्र बंद का आहे? त्याचे उत्तर समजले तर सहल सार्थकी लागली असे मानावे. प्लाझ्मात प्रवाह उत्पन्न करण्याची मूळ रीत म्हणजे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरील विजेच्या ट्रान्सफॉर्मरचीच. मधल्या वेटोळ्यातील प्रवाह बदलत नेला की प्लाझ्माच्या कड्यात प्रवाह निर्माण होतो. जणू प्लाझ्मा हेच दुसरे वेटोळे. परंतु पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह कायम बदलत ठेवता येत नाही, त्याला मर्यादा आहे. शिवाय तांब्याची वेटोळी तापतात. म्हणून ‘आदित्य’मधील प्लाझ्मा सेकंदाच्या काही अंशापुरताच टिकतो. तेवढ्या वेळात शेकडो मोजमापे घेतली जातात आणि मग संगणकासमोर बसून त्यांचा अर्थ लावण्याचे काम सुरू होते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात प्रयोग संपतो व त्याचा विचार आठवडाभर चालतो. प्रात्यक्षिक पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या मुलांना हे आरंभी हिरमुसले करणारे वाटते. परंतु संशोधन म्हणजे बहुतांश काळ प्रतीक्षा, दुरुस्ती व मोजदाद, ही गोष्ट विज्ञान केंद्रातील कोणतीही कळ दाबून कळत नाही.

प्लाझ्मा अधिक काळ टिकावा यासाठी संस्थेने दुसरा टोकामॅक उभारला. त्याचे चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक तारांचे असून द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ते शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड करावे लागतात. एका बाजूस लक्षावधी अंशांचा प्लाझ्मा आणि हातभर अंतरावर ही थंडी. या यंत्रात २०१३ साली पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. जुन्या ‘आदित्य’ची २०१६ मध्ये नव्या स्वरूपात पुनर्रचना करण्यात आली आहे.

सूर्याच्या अभ्यासासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या अवकाशयानाचे नावही ‘आदित्य’च असल्यामुळे, सूर्याकडे गेलेले यंत्र परत केव्हा आले, असा प्रश्न आमच्या गटातील एका मुलाने केला. सारे हसले; वास्तविक त्याचा घोटाळा अगदी स्वाभाविक होता. यानावरील सौर वाऱ्याचे कण मोजणारे एक उपकरणही नवरंगपुऱ्याच्या त्याच प्रयोगशाळेत घडलेले आहे, आणि हे कणसुद्धा प्लाझ्माचेच.

संमीलनाची वीज केव्हा मिळेल, या प्रश्नाला निश्चित तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फ्रान्समध्ये कॅडराश येथे सात भागीदारांच्या सहकार्याने ‘ईटर’ हा महाकाय टोकामॅक उभारला जात असून भारत २००५ च्या अखेरीस त्यात सामील झाला. त्याला बाहेरून वेढणारी, सुमारे ३,८५० टन वजनाची निर्वात टाकी भारताने दिली. तिचे भाग सुरतेनजीक हजिरा येथे तयार होऊन जहाजाने गेले. मूळ वेळापत्रकात २०२५ साली प्रारंभ व्हावयाचा होता, तो आता २०३४ वर गेला आहे. अमेरिकेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात इंधनाच्या गोळीवर पडलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा संमीलनातून मिळाली. परंतु ते लेसर चालविण्यास लागलेली वीज त्याहून कितीतरी अधिक होती. संमीलनात कोळशाप्रमाणे धूर नाही व ते हाताबाहेर जाण्याची भीतीही नाही, कारण बिघाड होताच प्लाझ्मा विझतो. मात्र बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे यंत्राच्या भिंती किरणोत्सर्गी बनतात, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

भाषेचा आणि वर्गणीचा प्रश्न

अशा ठिकाणी माहिती सांगणारे तरुण संशोधक उत्साही असतात. त्यांची भाषा हिंदी, गुजराती वा इंग्रजी असते. समजले का, असे विचारल्यावर सर्व मुले माना डोलावतात. बसमध्ये परतल्यावर मराठीत विचारले तेव्हा कळले की चुंबकीय रेषांना पीळ देण्याची गोष्ट निम्म्यांच्या डोक्यावरून गेली होती. दोरीचा दाखला दिल्यावर ती चटकन उमगली. ज्या शहरात शतकापूर्वी तंत्रविद्या मुलांच्या भाषेत शिकविली गेली, तेथे सहलीपूर्वीच्या आठवड्यात एक तास मराठीतून तयारी करून घेणे अवघड नसावे. महाराष्ट्र मंडळे व निवृत्त शिक्षक हे काम आनंदाने करतील.

वर्गणीचा प्रश्न याहून अवघड आहे. खाजगी बस, उपाहारगृहातील जेवण, मुक्काम यांमुळे आकडा वाढतो आणि वर्गातील काही मुले ‘घरी काम आहे’ असे सांगून मागे राहतात. ही सबब शिक्षकाला नेमकी कळते. त्यावर उपाय म्हणजे मुक्काम वगळणे. बडोद्यातील स्थळे एका शनिवारी पायी व शहरबसने पाहावीत. अहमदाबादला मेमू गाडीने सकाळी निघून रात्री परतावे, डबे घरून न्यावेत आणि विज्ञान केंद्र व भाट ही दोनच ठिकाणे ठेवावीत. सायन्स सिटी वगळल्याची तक्रार होईल. ती ऐकून घ्यावी.

भाट येथील संस्थेस भेट द्यावयाची असल्यास मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र पुरेसे आधी पाठवून लेखी अनुमती घेणे आवश्यक आहे. अणुऊर्जा विभागाची संस्था असल्याने विद्यार्थी व शिक्षक यांची नावानिशी यादी व ओळखपत्रे सोबत ठेवावीत, आणि छायाचित्रे काढण्याबाबत तेथील अधिकारी सांगतील तसे वागावे. गट लहान असावा. तीस-चाळीस मुलांहून अधिक असतील तर दोन तुकड्या कराव्यात, कारण यंत्राभोवतीची जागा मर्यादित आहे व मागच्यांना ऐकू येत नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास सर्वच संस्थांकडे मागणी वाढते, त्यामुळे डिसेंबर किंवा जानेवारीतील कामाचा दिवस निवडणे सोयीचे ठरते. प्रत्येक मुलाने विचारावयाचा एक प्रश्न आदल्या दिवशी वहीत मराठीत लिहून ठेवावा व शिक्षकांनी त्यांतील आठ-दहा निवडून त्यांचे हिंदी भाषांतर सोबत न्यावे.